भिंतीतला प्रीॲम्प्लिफायर

माझं लग्न होऊन मी कारंज्याला आले, तेव्हा सासरच्या बैठकीच्या मधोमध एक भिंत होती. बैठक चांगली लांबलचक, रस्त्याच्या अंगाला तीन खिडक्या, आणि भिंत आली होती ती नेमकी मधल्या खिडकीवर. त्या खिडकीचं एक दार आमच्याकडं उघडायचं आणि दुसरं पलीकडं. वाऱ्याची झुळूक आली तर ती कोणाच्या वाट्याची, असा प्रश्न मला नव्या नवरीला पडायचा, पण विचारायची सोय नव्हती.

पलीकडं माझे चुलतसासरे राहत. त्यांना आम्ही काकाजी म्हणत असू. अलीकडं माझे सासरे, मामाजी. दोघं सख्खे भाऊ, पाठोपाठचे, आणि माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधीपासून एकमेकांशी अक्षर न बोलणारे. शेती इंझोरीला, घर कारंज्यात. भांडण कशावरून झालं ते मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, एकदा भीतभीत विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या.

"कापसाच्या गाड्या घेऊन चालले होते जिनिंगले," त्या म्हणाल्या. "ह्यायची गाडी पुढं होती. रस्त्यात काकाजीनं आपली पुढं काढली."

"एवढंच?"

"एवढंच कायले? धूळ उडाली ना व ह्यायच्या तोंडावर."

त्या धुळीवरून शेत वाटलं गेलं, बैल वाटले गेले, पितळेचे हंडे वाटले गेले आणि शेवटी गवंडी आला. देवघर मात्र वाटता येईना, कारण देवांचे टाक एकाच पाटावर बसलेले. कोणाचा खंडोबा आणि कोणाची भवानी हे ठरवायला दोघांनाही भीती वाटली असावी. ते मागच्या चौकात, दोन्हीकडून दार असलेलं, सामाईक राहिलं. बायकांचं भांडण नव्हतंच. आत्याबाई आणि काकाजींच्या घरच्या काकी रोज दुपारी त्या देवघराच्या पायरीवर वाती वळत बसायच्या आणि आपापल्या नवऱ्याबद्दल एकमेकींना सगळं सांगायच्या.

तिसरे भाऊ, सगळ्यांत धाकटे, विलायतेत डॉक्टर होते. त्यांना वाटणीचं कोणी कळवलंच नव्हतं. मामाजी पत्रात लिहायचे, "इकडे सर्व कुशल." काकाजीही वेगळ्या पाकिटातून तेच लिहायचे. इतक्या लांब राहणाऱ्या माणसाच्या जिवाला घोर कशाला, हे दोघांनी न बोलता ठरवलं होतं. त्यामुळे पन्नासचं दशक सरता सरता धाकट्या काकाजींनी प्रेमानं भेट पाठवली ती एकाच घरासाठी. मूर्तिजापूरहून येणाऱ्या आमच्या छोट्या गाडीनं एक भलं मोठं लाकडी खोकं आलं आणि त्यावर दोन्ही भावांची नावं एकाखाली एक होती.

स्टेशनवरचे बाबू म्हणाले, दोघांच्या सह्या झाल्याशिवाय माल सोडता येत नाही. मामाजी सकाळी जाऊन सही करून आले, काकाजी दुपारी. खोकं बैलगाडीतून आलं आणि गाडीवानानं ते दोन्ही दरवाजांच्या बरोबर मधे, रस्त्यात उतरवलं. कोणाच्या दारात उतरवायचं हे त्याला कोणी सांगेना. शेवटी ते रस्त्यातच फोडलं.

आत पेंढ्यात गुंडाळलेली यंत्रं निघाली. दोन उंच लाकडी पेट्या, म्हणजे स्पीकर. दोन लोखंडी ठोकळे, वर काचेच्या नळ्या उभ्या असलेले आणि धान्याच्या पोत्यासारखे जड. एक तबकडी फिरवायचं यंत्र, म्हणजे फिरकी. आणि बटणांची एक चपटी पेटी. मामाजींनी एक स्पीकर आणि एक ठोकळा उचलायला सांगितला, काकाजींनी दुसरा स्पीकर आणि दुसरा ठोकळा. वाटणी इतकी सरळ होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. उरली फिरकी आणि चपटी पेटी. काकाजी आभाळाकडं पाहत, कोणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "फिरकी मी नेतो. पेटी त्यायनं ठेवावी."

अमरावतीला मॅट्रिकपर्यंत शिकताना मी सायन्स घेतलं होतं. माझ्या सायन्समधली वीज म्हणजे एका धड्यातली बॅटरी आणि घंटी. पण घरात इंग्रजी छापील कागद वाचणारी दोनच माणसं होती, मी आणि आमचे हे. ह्यांना लहानपणी विजेचा झटका बसला होता. तेव्हापासून ते दिव्याचं बटण दाबायलासुद्धा लाकडी पाटावर उभे राहायचे. तेव्हा रस्त्यात पदर सावरून कागद वाचायची वेळ माझ्यावर आली.

मी वाचलं आणि जे समजलं ते सांगितलं. चपटी पेटी म्हणजे प्रीॲम्प्लिफायर. तबकडीचा बारीक आवाज आधी तिच्यात येतो. ती तो कमी-जास्त करते, डावा-उजवा वेगळा करते आणि दोन ठोकळ्यांकडं पाठवते. ठोकळे म्हणजे ॲम्प्लिफायर, एकेका स्पीकरला एकेक. ते आवाज मोठा करतात. पण मधल्या पेटीची तार दोघांना जोडल्याशिवाय काहीच वाजत नाही.

"म्हंजे?" मामाजी म्हणाले.

"म्हणजे मामाजी, हे वाटता येत नाही."

दोघं भाऊ बराच वेळ रस्त्यात उभे राहिले. दोघांनाही भेट परत पाठवायची नव्हती आणि एकमेकांच्या घरात पायही ठेवायचा नव्हता. मग काकी पलीकडच्या दारातून म्हणाल्या, "भिंतीले भोक पाडा." त्यांनी ते वैतागून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी गवंडी आला.

भिंत चांगली जाड होती. कोनाड्यासारखं, पण आरपार असं भोक पडलं. खाली फिरकी बसली, वर फळी मारून प्रीॲम्प्लिफायर ठेवला. लगेच काकाजींचा आवाज आला, कोणाला उद्देशून नाही असा: "पेटीचं तोंड तिकडं अन् पाठ आमच्याकडं काहून?" पेटी फिरवली तर मामाजींना पाठ दिसायला लागली. ती आडवी ठेवली. आता बटणं भिंतीच्या विटांकडं बघत होती. ती फिरवायची तर माणसानं भोकात डोकं घालून मान वळवायची. फिरकीच्या बाजूला जेमतेम एक डोकं मावेल एवढी जागा होती. ते डोकं माझं असावं असं दोन्ही घरांना मान्य झालं, कारण माझ्याशी दोघंही बोलत.

दोन्हीकडं भिंतीला लागून एकेक स्टूल, स्टुलावर एकेक ॲम्प्लिफायर. प्रीॲम्प्लिफायरमधून निघालेल्या दोन पिना मी एक इकडं, एक तिकडं खोचल्या. आणखी एक जाड दोरी होती. पेटीला स्वतःची वीज नव्हती. ती एका ॲम्प्लिफायरमधूनच वीज घ्यायची. हे मी सांगितलं मात्र, मामाजी म्हणाले, "तिचं जेवनखावन आपल्याकडं राहीन." पलीकडून काकाजी म्हणाले, "जेवते त्यायच्याकडं, मंग काम कोणाचं करन?" मी भोकातून दोघांनाही सांगितलं की पेटी दोघांचंही काम सारखंच करते. दोघांचाही विश्वास बसला नाही.

लांब तारा हव्या होत्या, त्या गावातल्या लग्नात भोंगा लावणाऱ्या माणसानं आणल्या. हा माणूस मोठा बोलका आणि प्रत्येक गोष्टीबद्दल खात्री असलेला. दोन ॲम्प्लिफायर पाहून तो म्हणाला, "एक वाजवाचा, दुसरा ष्टेपनी." मी कागद दाखवला तर म्हणाला, "बाई, कागदावर काहीबी लिहून राह्यते."

बटण दाबलं. काचेच्या नळ्या हळूहळू निखाऱ्यासारख्या लाल झाल्या. आणि दोन्ही घरांतून एकदमच आवाज आला, ऊंऊंऊं. तबकडी अजून लावलीही नव्हती.

"आग्यामोहोळ!" म्हणत आत्याबाई घोंगडी घेऊन धावत आल्या.

मोहोळ नव्हतं. आवाज यंत्राचाच होता. भोंगेवाल्यानं कान लावला, मान हलवली आणि सांगितलं की यंत्राला जमीन, म्हणजे अर्थिंग, पाहिजे. अंगणात खड्डा खणायचा, कोळसा आणि मीठ भरायचं, त्यातून तार आणून यंत्राला जोडायची. आमच्या अंगणात खड्डा झाला. ते ऐकून काकाजींनी त्यांच्या अंगणात खणला, आमच्यापेक्षा खोल. मामाजींनी मग आमचा आणखी खोल करायला लावला. पोतंभर मीठ गेलं. कोळशासाठी आत्याबाईंची शेगडी बंद राहिली. गडी खड्ड्यात उतरला की त्याचं डोकंही दिसेना, आणि खड्डा जसजसा खोल गेला तसतसा तो ऊंऊं वाढतच गेला. भोंगेवाला म्हणाला, "आता पाणी लागन तवाच थांबन हे." माझ्या मनात आलं, हे दोघं असे खणत राहिले तर खाली कुठंतरी एकमेकांना भेटतील.

आवाजाचं कारण मला सापडलं ते झाडताना. काकींकडं काही कामानं गेले होते, त्यांच्या स्टुलाखालून केरसुणी घातली आणि विजेची पिन निघाली. काकाजींचा ॲम्प्लिफायर बंद झाला आणि आमच्याकडचा ऊं एकदम थांबला. परत खोचली, परत सुरू. मी परत काढली. मग एक लांब तार घेऊन तो ॲम्प्लिफायर आमच्याकडच्या विजेवर लावून पाहिला. दोन्हीकडं गप्प. वाटणीनंतर दोन्ही घरांनी विजेची वेगळी जोडणी घेतली होती आणि आता वेगळी जमीनही खणली होती. एकाच पेटीला दोन्हीकडून ओढ बसत होती, म्हणून ती कण्हत होती. दोघांना एकाच ठिकाणची वीज दिली की भागत होतं.

मी हे भोकातून समजावून सांगितलं. काकाजी हात जोडून म्हणाले, "सुनबाई, तुह्या सासऱ्याची लाईट माह्या घरात नोको. अंधारात बसीन मी."

मामाजी म्हणाले, "अन् त्याची मले नोको."

आता सामाईक म्हणावं असं घरात एकच ठिकाण होतं. देवघरातला दिवा जुन्या जोडणीवरून आलेला, वाटणीच्या आधीचा. तिथून तार ओढली, दोन्ही ॲम्प्लिफायर तिच्यावर लावले, आणि ऊं पूर्ण थांबला. दोन्ही भावांना पटलं. देवाच्या विजेला कोण नाही म्हणणार?

नवी अडचण त्यातूनच आली. वीज देवघरातली म्हटल्यावर आत्याबाईंनी प्रीॲम्प्लिफायरला हळदकुंकू लावलं. बटण पारोशानं फिरवायचं नाही, अंघोळ करूनच. चपला काढून. महिन्यातले माझे बाजूला बसायचे दिवस आले की यंत्रही बाजूला बसायचं. इंझोरीहून कोणी मुद्दाम ऐकायला आलं आणि यंत्र बंद असलं, तर मामाजी त्यांना गंभीरपणे सांगत, "सध्या चालत नाही," आणि माझ्याकडं न बघता पान लावायला घेत. सगळ्या गावाला माझी तारीख यंत्रावरून कळायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमच्याकडच्या साध्या तबकड्या दोन्हीकडं सारख्याच वाजत. त्यात कोणाला रस वाटला नाही. खोक्यासोबत एक विलायती तबकडी आली होती, खास दोन स्पीकरांसाठी केलेली. तिच्यात गाणी नव्हती. एक साहेब काहीतरी बोलायचा, मग लाकडी फळ्यांवर चेंडू टोकटोक आपटायचा, एकदा या बाजूला, एकदा त्या. आणि शेवटी आगगाडी.

गाडी पहिल्यांदा लावली ती दुपार मला स्वच्छ आठवते. मी भोकात डोकं घालून बसले होते. डावीकडं मामाजी आरामखुर्चीत, उजवीकडं काकाजी तक्क्याला टेकून. दोघांच्या मधे मी, आणि एकाला दुसरा दिसू नये म्हणून भोकाच्या दोन्ही तोंडांना लावलेले पडदे माझ्या कानांवर. आधी लांबून शिटी आली. मग धडधड वाढत गेली, भला मोठा इंजिनाचा फुत्कार आमच्या बैठकीत शिरला, मामाजींच्या हातातला पानाचा डबा थरथरला, आणि ती सगळी गाडी डब्यांसकट भिंतीच्या आत, माझ्या डोक्यातून, पलीकडं निघून गेली. पलीकडून काकींची किंकाळी आली, "पापड उचला व!" त्यांनी खाटेवर पापड वाळत घातले होते.

काकाजी स्वतःशीच म्हणाले, "आली. अन् गेली."

गावात बातमी पसरली. माणसं यायला लागली. कोणी मामाजींकडं बसायचं, कोणी काकाजींकडं, पण खरी गंमत भोकात होती, कारण पूर्ण गाडी तिथूनच ऐकू यायची. एकेक जण डोकं घालायचा. जाड मानेचे लोक अडकायचे. एकदा पटक्यासकट डोकं घातलेल्या एका पाहुण्याला बाहेर काढायला दोन्हीकडून ओढायला लागलं, आणि त्यात विटेचा कोपरा निघाला. गवंड्यानं येऊन भोक थोडं मोठं केलं. मग आणखी थोडं. भाजीची वाटी इकडून तिकडं जायला आता अडचण राहिली नव्हती. काकी ती ॲम्प्लिफायरच्या नळ्यांजवळ ठेवायच्या, अंबाडीची भाजी गरम राहते म्हणून.

भांडण मात्र व्हायचं ते झालंच. मामाजी एके दिवशी शेजाऱ्याला सांगत होते, "गाडी आपल्या इथून सुटते. शिटी आपल्याकडं. तिकडं नुसता धूर जाते." हे काकाजींच्या कानावर गेलं. धुराचं नाव निघताच जुनी धूळ परत उडाली. काकाजी भोकाशी आले आणि मला म्हणाले, "सुनबाई, हे गाडी रोज तिकडून काहून येते? इकडून सोडता येत नाही?"

येत होतं. प्रीॲम्प्लिफायरच्या मागच्या दोन पिनांची अदलाबदल केली की डावीकडचं उजवीकडं. मी करून दाखवलं. गाडी काकाजींकडून सुटली आणि आमच्याकडं आली. मामाजी उठून आत निघून गेले आणि जेवायला आले नाहीत.

शेवटी आत्याबाई आणि काकींनी देवघराच्या पायरीवर बसून ठरवलं: एक दिवस इकडून, एक दिवस तिकडून. रोज अंघोळीनंतर पिना बदलणं हे माझं काम झालं, तुळशीला पाणी घालण्यासारखं. यंत्र बंद ठेवून, एक पिन काढायची, दुसरी काढायची, उलट खोचायच्या. आमचे हे पाटावर उभे राहून लांबून सूचना द्यायचे, "हात ओला नाही ना? बघ बरं."

असं बरेच महिने चाललं. मग एके दिवशी सकाळी गाडी आमच्याकडून सुटायची होती. मी बटण दाबलं, नळ्या तापू दिल्या, तबकडी लावली. शिटी झाली, धडधड वाढली, गाडी आमच्या बैठकीतून भिंतीपर्यंत आली आणि तिथंच संपली. पलीकडं काही आवाज नाही. मी पडदा सरकवून पाहिलं. काकाजींकडच्या ॲम्प्लिफायरमधली एक नळी काळी पडली होती. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामाजी खुर्चीतून उठले.

ते भिंतीशी आले. मला हातानं बाजूला केलं. भोकात डोकं घातलं आणि जोरानं विचारलं, "काय रे, गाडी पोचली का तुह्याकडं?"

आत्याबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पलीकडून काकाजींचा आवाज आला.

"नाही दादा. अजून नाही आली."

"इथून तं सुटली."

"मंग मधातच राह्यली असन."

"पाहून घे बरं, खाटेखाली."

काकाजींनी खरंच वाकून पाहिलं असावं, कारण खाट सरकल्याचा आवाज आला. "नाही," ते म्हणाले.

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी पदर तोंडात धरून मागच्या चौकात गेले. तिथं काकी उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या म्हणाल्या, "खाटेखाली पाह्यते म्हातारा."

त्यानंतर दोघं बोलायला लागले असं म्हणता येणार नाही. ते गाडीपुरतं बोलायचे. "सोडली," मामाजी म्हणायचे. "पोचली," काकाजी म्हणायचे. नवी नळी मुंबईहून येईपर्यंत मात्र रोज सकाळी मामाजी भोकात डोकं घालून विचारत राहिले आणि काकाजी रोज, आली नाही म्हणून सांगत राहिले, जणू छोट्या रेल्वेला नेहमीसारखा उशीर झाला आहे.

धाकटे काकाजी विलायतेतून आले ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. त्यांना घ्यायला दोन्ही भाऊ स्टेशनवर गेले, वेगवेगळ्या टांग्यांतून. ते आमच्या दारातून आत शिरले, बैठकीत आले आणि भिंतीपुढं थबकले. भिंतीत प्रीॲम्प्लिफायर, त्याला हळदकुंकू, दोन्हीकडं पडदे. त्यांनी पडदा सरकवला, पलीकडं पाहिलं, मग इकडं पाहिलं.

"हे काय हाये दादा?"

"तूच पाठवलं ना," मामाजी म्हणाले.

"भिंत मी नाही पाठवली."

काकी भोकातून म्हणाल्या, "भाऊजी, हात-पाय धुवा, जेवायले इकडं या," आणि आत्याबाई म्हणाल्या, "काहून? आधी इकडं." बिचारे दोन्हीकडं जेवले. जेवताना मधूनच घास हातात धरून थांबायचे. इतकी वर्षं सर्व कुशल वाचत आलो, असं ते मला हळूच म्हणाले. रागावले नव्हते, पण चेहरा उतरलेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाह्या सरसावल्या. ही सगळी जोडणी चूक आहे, असं त्यांनी सांगितलं. दोन्ही स्पीकर एकाच खोलीत हवेत, समोरासमोर नाही तर एका ओळीत, आणि ऐकणाऱ्यानं त्यांच्यापुढं मधोमध बसायचं. दोन्ही ॲम्प्लिफायर प्रीॲम्प्लिफायरच्या शेजारी, जवळच्या तारांनी जोडलेले. ते विलायतेतून शिकून आलेले, शिवाय पैसे त्यांचे. कोणी हरकत घेतली नाही. काकाजींचा स्पीकर आमच्या बैठकीत आणला. पण तो दारातून फिरवून आणायचा की भोकातून, यावर थोडा वेळ विचार झाला आणि भोक आता एवढं मोठं होतं की तो भोकातूनच आला. स्पीकरमागोमाग, त्याला धरून, काकाजीही आले. आले ते बैठकीत उभे राहिले. मामाजींनी त्यांच्याकडं पाहिलं, मग खुर्चीकडं पाहिलं. काकाजी बसले.

सगळे ओळीनं बसलो. गाडी लागली. शिटी झाली, डावीकडून धडधडत आली, उजवीकडं गेली. धाकटे काकाजी डोळे मिटून ऐकत होते. आवाज खरंच सुरेख होता.

गाडी संपली तेव्हा मामाजी म्हणाले, "बस?"

"कशी वाटली?" धाकट्यांनी विचारलं.

"चांगली हाये," काकाजी म्हणाले. "पण हे गेली कुठं?"

"गेली म्हणजे?"

"या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आली," मामाजी म्हणाले. "इथल्या इथं. गाडी म्हन्ली का या घरातून त्या घरात पायजे."

"बराबर," काकाजी म्हणाले. कित्येक वर्षांत दोघांचं एकमत झालं होतं ते त्या दुपारी पहिल्यांदा, आणि विलायतेच्या विरुद्ध.

धाकटे काकाजी पंधरवडाभर राहिले. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच दुसरा स्पीकर भोकातून परत पलीकडं दिला, पिना खोचल्या आणि मला म्हणाले, "विलायतेत हे सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही." मी म्हटलं, "कारंज्यातच कोण मानतंय?"

पुढं ह्यांना मानोऱ्याला शाळेत मास्तरची नोकरी लागली. आम्हाला तिकडं बिऱ्हाड करायचं होतं आणि यंत्राचं काय करायचं हा मोठा प्रश्न झाला. पिना कोण बदलणार? मामाजी, काकाजी हात लावायला तयार नव्हते. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "मले दाखव." त्यांना अक्षरओळख नव्हती, पण दोन पिना वेगळ्या रंगाच्या होत्या. लाल पिन पुढं असली की गाडी आपल्याकडून, काळी पुढं असली की काकींकडून. हे त्यांनी स्वयंपाकघरात बसून मनाशी दोनदा घोकलं आणि मग माझ्यासमोर करून दाखवलं. माझ्यापेक्षा चटकन झालं त्यांचं.

सणाला मी पहिल्यांदा माघारी आले, त्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळची गाडी व्हायची होती. मामाजी खुर्चीत, काकाजी पलीकडं. भोकाचा आता जवळजवळ दरवाजा झाला होता, पण दोघंही त्याला भोकच म्हणत आणि त्यातून कोणी पुरुष ये-जा करत नसे. आत्याबाई अंघोळ करून आल्या, पदर खोचला, प्रीॲम्प्लिफायरमागं हात घातला आणि पिना चाचपल्या. गाडी काकाजींकडून सुटली. मला आठवत होतं, कालही तिकडूनच सुटली होती.

मी आत जाऊन हळूच म्हटलं, "आत्याबाई, आज आपला दिवस होता ना?"

त्या चुलीवर तवा ठेवत होत्या. "होता," त्या म्हणाल्या. "पण तुह्या सासऱ्यानं सकाळी माह्या लुगड्यावर चहा सांडला अन् मलेच म्हने, पाहून चाल. दोन दिवस गाडी तिकडूनच येईन."